दहा पावलांवरचा आवाज

भानुमतीबाईंनी अडुसष्ट वर्षांत कुणाची माफी मागितली नव्हती. नवऱ्याची नाही, व्याह्यांची नाही. देवाची मागितली असेल तर ती देवालाच ठाऊक. आणि आता मागायची पाळी आली ती अशा पोरीची, जिचं तोंडसुद्धा त्यांनी कधी पाहिलं नव्हतं.

सुरुवात गुडघ्याच्या ऑपरेशनपासून झाली. डॉक्टरांनी दोन महिने घरात बसायला सांगितलं, आणि भानुमतीबाई घरात बसल्या म्हणजे बाकीच्यांना घरात बसणं मुश्कील. सून रेवाच्या फोडणीपासून दूधवाल्याच्या मापापर्यंत सगळ्यांवर तोंड सुरू. शेवटी कॉलेजात जाणाऱ्या नातीने, शमिकाने, त्यांच्या हातात टीव्हीवरच्या खेळाचा कंट्रोलर दिला, कानाला हेडफोन लावला आणि म्हणाली, "आजी, आता इथे ओरड. इथे लोक एकमेकांवर ओरडायलाच येतात."

खेळ असा होता. एक मोठी अंधारी हवेली. चार चोर, चार पहारेकरी, आणि आठही जण आपापल्या घरी बसलेली खरीखुरी माणसं. कुणी लखनौचा, कुणी पाटण्याचा. चोरांनी वाकून सावलीसावलीने जायचं, दिवे विझवायचे, आतली पेटी उचलून दाराबाहेर न्यायची. पहारेकऱ्यांनी टॉर्च घेऊन हिंडायचं आणि हात लावून पकडायचं. पण खरी मेख आवाजात होती. तुम्ही बोललेलं दहा पावलांच्या आत जो कुणी असेल त्याला ऐकू जायचं, मग तो आपला असो की वैरी. त्यामुळे चोर झालेले लोक तोंडाला कुलूप लावून खेळत. भानुमतीबाई आणि शमिका मात्र खुशाल बोलत. मराठीत.

हे काही त्यांनी खेळासाठी शोधून काढलेलं नव्हतं. झाशीतल्या मराठी घरांची ही जुनी खोड. घराबाहेर हिंदी, बाजारात बुंदेली, आणि समोरच्याला कळू द्यायचं नसेल ते सगळं मराठीत. बडा बाजारात साडीवाल्यापुढे बसून, चेहरा गोड ठेवून, "पहिल्या धुण्यात रंग सोडेल, ऊठ आता," असं म्हणावं ते भानुमतीबाईंनीच. दवाखान्यात, बँकेत, लग्नाच्या बैठकीत त्यांनी समोरच्याच्या नाकावर टिच्चून त्याचं वस्त्रहरण केलं होतं, आणि समोरचा हात जोडून हसत राहिला होता. आपली भाषा म्हणजे आपल्या कमरेची किल्ली, असं त्यांना वाटे.

गुडघा बरा झाला तरी खेळ सुटला नाही. रोज दुपारी तीन वाजता, रेवाचं आवरलं की, आजी टीव्हीसमोर आणि नात लॅपटॉपवर. त्यांची चौकडी जमली होती. तिसरा विक्रम, कानपूरच्या हॉस्टेलातला, बडबड्या. आणि चौथी 'खामोश'. खेळात तेवढंच नाव. मुलगी आहे हे मागाहून कळलं, कारण ती बोलायचीच नाही. बोलली तर "हाँ जी" किंवा "नहीं जी", आणि तेही अडखळत. पण चालणं मात्र मांजरीचं. प्रत्येक वळणावर क्षणभर थांबायची, मग पुढे. तिने दिवा विझवला की भानुमतीबाई म्हणत, "शमे, ही पोरगी माझ्या पोटी यायला हवी होती. तुझा बाप चालला तर खाली रेल्वे जाते असं वाटतं."

शमिका हसायची. खामोश गप्प असायची. असे चार महिने गेले.

मग ती दुपार आली. आठवड्याची मोठी मॅच होती, जिंकले असते तर शंभरात नंबर लागला असता. पेटी खामोशकडे होती, शमिका आणि विक्रम तिच्या मागोमाग. भानुमतीबाई रस्ता मोकळा आहे का ते बघायला पुढे गेल्या होत्या, आणि दार दहा-बारा पावलांवर होतं. तेवढ्यात त्यांच्या पायाशी उजेडाची कड सरकली. बाजूच्या दालनातून कुणीतरी टॉर्च घेऊन येत होतं. त्यांना ती दिसली. दिसूनही त्या थांबल्या नाहीत. कुठला कोण पहारेकरी, त्याच्या आधी मी पोहोचते, अशी त्यांची ऐट.

मागून खामोश म्हणाली, "र-र-र-रु..."

शब्द पुरा झाला नाही. टॉर्च गर्रकन फिरली, आधी खामोशवर, मग सगळ्यांवर. चौघेही पकडले गेले.

"क्या यार!" विक्रम ओरडला. "किसने आवाज़ की?"

भानुमतीबाईंनी एक क्षण वाट पाहिली. तो क्षण त्यांना पुढे फार आठवला. मग त्या शमिकाला म्हणाल्या, चांगल्या खणखणीत मराठीत, "हिच्या तोंडात देवाने खडे भरलेत का गं? एक शब्द धड निघत नाही. घरच्यांनी चारचौघांत आणायचं सोडलं असेल, म्हणून इथे येऊन आपल्या डोक्यावर बसली. कोण नांदवणार असल्या तोतरीला? उद्यापासून नको ही."

आणि शमिका हसली. सवयीने हसली, पण हसली.

 मग हेडफोनमध्ये आवाज आला.

"आ-आजी. म-मला कळतं."

आणि 'खामोश' हे नाव पडद्यावरून गेलं.

"हे बघा!" भानुमतीबाई आधी संतापल्याच. "चार महिने कान लावून बसली होती, चोरटी! आधी नाही सांगायचं, बाई मला मराठी येतं म्हणून?"

"आजी, ती बोलणार कशी होती?" शमिका म्हणाली. तिचा चेहरा उतरला होता. "आणि आपण कधी तिला विचारलं?"

खामोशने दोघींना खेळातल्या आपल्या मित्रयादीतून काढून टाकलं होतं. यादीत नसलेल्याला निरोप पाठवता येत नव्हता. शमिकाने दोन दिवस खटपट केली, मग म्हणाली, "आता एकच रस्ता. कधी खेळानेच दोन्ही टीमा समोरासमोर आणल्या तर."

"मग येऊ दे. मी काय तिच्या दारात जाऊन बसू?" भानुमतीबाईंनी मान उडवली.

 पण त्या दुपारचं शमिकाला जे माहीत नव्हतं ते त्यांना माहीत होतं. उजेड त्यांना दिसला होता. ती पोरगी आपलं तोंड आपल्याला दगा देतं हे माहीत असून त्यांना वाचवायला बोलली होती, आणि चूक झाकायला त्यांनी तिच्या त्याच दुखऱ्या जागेवर पाय दिला होता. कुणी विचारलं असतं तर सांगितलं असतं का? त्यांनी स्वतःलाच विचारून पाहिलं. नसतंच सांगितलं.

औषधाच्या दुकानात उभ्या असताना दुकानदाराच्या टकलाबद्दल एक झकास वाक्य त्यांच्या जिभेवर आलं. त्यांनी तोंड उघडलं आणि मिटलं. यालाही कळत असेल तर? रिक्षावाल्याला? समोरच्या फ्लॅटातल्या मास्तरीणबाईला? पन्नास वर्षांत कुणाकुणासमोर काय काय बोललो, याची रांग लागली डोळ्यापुढे, आणि रांगेतला प्रत्येक जण हात जोडून हसत होता.

गच्चीवर वाळलेले कपडे काढताना त्यांनी रेवाला विचारलं. आडून विचारलं, सरळ विचारणं त्यांच्या स्वभावात नव्हतं.

"काय गं, एखाद्याला वर्मी लागेल असं आपण बोललो, आणि त्याला कळलं, तर तो विसरतो का?"

रेवा मऊरानीपूरची, हिंदी घरातली. मराठी इथे येऊन शिकली. तिने चादरीची दोन टोकं सासूच्या हातात दिली, दोन आपण धरली.

"आई, माझ्या लग्नात तुम्ही वन्संना म्हणाला होतात, 'विहीणबाईंची नथ मागून आणलेली दिसते, नाकाला सवय नाही.'"

भानुमतीबाईंच्या हातातलं टोक सुटलं. "तेव्हा तुला मराठी कुठे येत होतं?"

"येत नव्हतं ना. पण सगळे माझ्या अम्माकडे बघून हसले, म्हणून शब्द कानात राहिले, पोपटासारखे. दुसऱ्या वर्षी एक दिवस पोळ्या लाटत होते, आणि ते वाक्य एकदम कळलं. पोळी तव्यावर जळून गेली."

"आणि तू बोलली नाहीस? बावीस वर्षं?"

"बोलले असते तर तुम्ही माझ्यासमोर मराठी बोलणं बंद केलं असतं. मग शिकले कशी असते?" रेवाने टोक उचलून पुन्हा त्यांच्या हातात दिलं. "धरा नीट. सुरकुती पडतेय."

एवढंच. ना डोळ्यात पाणी, ना टोमणा. एखादा टोमणा मारला असता तर भानुमतीबाईंना बरं वाटलं असतं. उलट दोन मारता आले असते.

त्यानंतर त्या रोज तीनच्या ठोक्याला बसू लागल्या. खेळायला नव्हे, नावं वाचायला. मॅच सुरू होण्याआधी आठ नावं पडद्यावर यायची, ती शमिका वाचून दाखवायची आणि भानुमतीबाई म्हणायच्या, "पुढे." विक्रम वैतागला होता. "दादीजी, आजकल आपका मन नहीं लगता क्या? वो खामोश गई, अच्छा हुआ, उसी ने हरवाया था." त्यावर त्या काही बोलत नसत, आणि न बोलल्याचं ओझं आणखी शेरभर वाढे.

सतराव्या दिवशी शमिका वाचता वाचता थांबली. "आजी. पहारेकऱ्यांत आहे."

नशिबाची थट्टा अशी की त्या दिवशी पेटी आली ती भानुमतीबाईंच्याच हाती. दोन मिनिटं उरली होती, मागचा जिना मोकळा होता, दारावर कुणी नव्हतं.

"निघ आजी!" शमिका कुजबुजली. "जिंकलो आपण!"

पण खालच्या दालनातून एक टॉर्च चालली होती. वळणावर क्षणभर थांबली, मग पुढे. भानुमतीबाईंनी ती चाल ओळखली. दहा पावलं. त्याहून लांबून हाक मारली तर पोहोचायची नाही. त्यांनी बटण दाबलं आणि त्यांचा चोर, जो चार महिने वाकूनच चालला होता, ताठ उभा राहिला आणि दिव्याखाली जाऊ लागला.

विक्रम तिथेच दालनातल्या पडद्यामागे दबा धरून होता. "दादीजी! दरवाज़ा उधर है! कहाँ जा रही हो?"

टॉर्च फिरली. उजेड थेट तोंडावर आला. खरं तर तो टीव्हीतल्या बाहुल्याच्या तोंडावर होता, पण भानुमतीबाईंनी इकडे सोफ्यावर डोळे बारीक केले.

"थांब, बाळ. पकड, पण आधी ऐक. मी आजी." त्यांनी कंट्रोलर मांडीवर ठेवला. "मी त्या दिवशी जे बोलले ते माणसाने जनावरालाही बोलू नये. आणि ते खोटं होतं. उजेड मला दिसला होता. तू मला वाचवायला बोललीस, आणि मी माझी चूक तुझ्या माथी मारली."

शमिकाने लॅपटॉपवरून मान वर करून आजीकडे पाहिलं. ती नजर भानुमतीबाईंना कानशिलावर जाणवली. टॉर्च हलली नाही. आणि मग त्यांच्या लक्षात आलं की आपण पुन्हा मराठीतच बोलतोय. शिवी दिली ती पांघरुणाखाली, आणि माफीही पांघरुणाखालीच. पलीकडे विक्रमला अजून वाटतंय की चूक हिची.

"विक्रम, सुन बेटा," त्या मोठ्याने म्हणाल्या. "उस दिन इस बिटिया ने नहीं हरवाया। मैंने हरवाया। ऊपर से इसकी ज़बान का मज़ाक मैंने उड़ाया। मुझे शरम आती है।"

 पडद्यावरचं घड्याळ एक मिनिट दाखवत होतं.

"म-म..." हेडफोनमध्ये आवाज अडला. भानुमतीबाई जन्मभर दुसऱ्याचं वाक्य तोडून स्वतः पुरं करत आल्या होत्या. नवऱ्याला तर त्यांनी कधी क्रियापदापर्यंत पोहोचू दिलं नव्हतं. आत्ताही शब्द ओठांवर आला. त्यांनी जीभ दाताखाली धरली आणि वाट पाहिली.

"म-माफ न-नाही केलं मी."

"नको करूस. हक्क आहे तुझा."

"प-पण ब-बोला."

"काय बोलू?"

"क-काहीही. आ-आमच्याकडे फक्त आ-आई मराठी बोलायची. आता घ-घरात कुणी बोलत नाही. म-म्हणून मी ये-यायची तुमच्यात."

 ज्या भानुमतीबाईंच्या तोंडाला पन्नास वर्षं कुणी लगाम घालू शकलं नव्हतं, त्यांना एक साधं वाक्य सापडेना. चार महिने ही पोरगी आपली मराठी ऐकायला येत होती, आणि आपण तिला काय ऐकवलं.

"आज आमच्याकडे वालाची उसळ होती," त्या शेवटी म्हणाल्या. "सुनेने केली, रेवाने. मऊरानीपूरची आहे, पण मोडाचे वाल सोलायला बसली की एक साल राहू देत नाही. माझ्याहून बरी करते. मी तिला कधी सांगितलं नाही. तू सांग, तुझी आई उसळीत गूळ घालायची का?"

"घ-घालायची. थ-थोडा."

"थोडाच घालावा. आधी वाल भिजवायचे, मग मोड येऊ द्यायचे, फडक्यात घट्ट बांधून..."

घड्याळ संपलं. पहारेकरी जिंकले. विक्रम निघून गेला, एकेक नाव विझत गेलं, 'खामोश' तेवढं राहिलं. शमिकाने आजीच्या कानावरचा हेडफोन काढायला हात पुढे केला, तो भानुमतीबाईंनी बाजूला सारला. पलीकडून अजून श्वास ऐकू येत होता. तो ऐकू येत होता तोवर त्या सांगत राहिल्या, सावकाश, एकेक शब्द सुटा करून: फोडणीत हिंग आधी की जिरं, आणि खोबरं किती, आणि झाकण केव्हा ठेवायचं.