टाकीचा तळ पाहिलेली काठी

मी डिपची काठी बोलतेय. पितळेची, अंगभर आकडे कोरलेली. राहनाळच्या रस्त्याला, गोदामांच्या रांगेत केसरीनाथ शेठचा पेट्रोलपंप होता. तिथल्या जमिनीखालच्या टाकीत रोज सकाळी मला सोडायचे. तळाला टेकले की वर ओढायचे आणि अंग कुठवर भिजलंय ते पाहून किती पेट्रोल उरलंय ते ठरवायचे. हे काम दौलतचं. सोडण्याआधी तो मला फडक्याने पुसायचा आणि कपाळाला लावायचा. दसऱ्याला मला झेंडूची माळसुद्धा मिळे.

एक्क्याण्णव साली माझं माप विक्रीशी जुळेनासं झालं. पेट्रोल विकलं जाई त्याहून जास्त कमी होई. शेठनी पहिला संशय माझ्यावरच घेतला. कुणी आकडे घासून बदलले नाहीत ना, म्हणून मला उन्हात फिरवून फिरवून पाहिलं. मी निर्दोष निघाले, तशी त्यांची नजर दौलतकडे वळली.

"दौलत, पेट्रोलला पाय फुटलं का रं?"

"शेठ, वज्रेश्वरी मातेची आन! थेंबाला हात लावला आसंल तर हात झडतील माजं."

शेठनी शपथ ऐकून घेतली. पण दौलत घरी निघाला की त्याच्या डब्याच्या पिशवीचा वास घेऊ लागले. पंपावरच्या माणसाच्या पिशवीला दुसरा कसला वास येणार, सांगा बरं!

दौलतचं घर पंपाच्या कुंपणापलीकडेच. दारात आळीची विहीर. तिच्या पाण्याला काही दिवसांपासून दर्प येत होता. ट्रक धुतल्याचं पाणी मुरत असेल, असं म्हणून बायकांनी ते प्यायचं सोडलं होतं. मात्र दौलतची बायको कलावती बाळंत झाली, मुलगी झाली आणि विहीर पुजायचा दिवस आला. पूजेला दुसरी विहीर चालते होय? टाकीच्या तोंडाशी कुंपणाला टेकून मी सगळं बघत होते. कलावतीने काठाला हळदकुंकू वाहिलं, खणानारळाने ओटी भरली आणि दिवा लावलेला द्रोण पोहऱ्यात ठेवून खाली सोडला.

भक्कन जाळ वर आला. बायका किंचाळत मागे पळाल्या. कलावतीच्या भुवया होरपळल्या. देवीच्या कृपेने बाळ घरात होतं. जाळ विझला, आणि लगेच कुजबुज पेटली.

"कलावते, तुजा दादला चोरीचं पेट्रोल इहिरीत दडवतो ना गं?" शेजारची ठकुबाई म्हणाली.

शेठना तेवढंच हवं होतं. तिथल्या तिथे त्यांनी दौलतला पंपावर यायला बंदी केली. उद्या पोलिसात देतो म्हणाले. दौलतच्या आधी ओली बाळंतीण कलावतीच बोलली.

"शेठ, पोलिसात देताव तर द्या. पण आदी इहीर उपसा. तुमचंच कुलूप लावा. याने कॅनने पेट्रोल वतलं आसंल तर परत येनार न्हाय. आलं, तर जमीन देते म्हनायची."

"आनि आलं न्हाय तर?"

"तर मीच याला चौकीवर नेते."

ठिणगीच्या भीतीने मोटार लावली नाही. माणसांनी हातानेच विहीर उपसली. वर पत्रा, पत्र्याला काही दिवस शेठचं कुलूप. तेवढे दिवस कलावतीने देवीपुढे दिवा लावला आणि एकभुक्त राहिली. कुलूप उघडलं तेव्हा पंपाकडच्या कपारीतून पाणी झिरपत होतं आणि त्यावर मोरपिशी तवंग होता.

तरी शेठचा संशय जाईना. त्यांनी एक दिवस पंप बंद ठेवला. संध्याकाळी मला स्वतः टाकीत सोडलं, झाकणाला कुलूप घातलं, सकाळी पुन्हा सोडलं. गिऱ्हाईक नाही, दौलत नाही, तरी ओल बोटभर खाली आलेली. शेठनी लगेच खोदणारी माणसं बोलावली.

टाकी उकरली. खाडीकडच्या खाऱ्या ओलीने तिचा तळ गंजून चाळण झाला होता. खालची माती काळी, नाकाला झोंबणारी. शेठ तसेच मातीच्या पायांनी विहिरीवर गेले आणि सगळ्या आळीदेखत म्हणाले, "दौलत, चोर माज्याच जागंत व्हता. तू ये कामावर."

"ते मला आदीच वाटलं व्हतं," ठकुबाई म्हणाली. कलावतीला हसू आवरेना.

नवी टाकी आली, तिची काठीही नवी आली. मला दौलतने मागून घेतलं. आता मी कलावतीच्या देवघराशेजारी उभी असते. आळीत नळ आला, विहीर मात्र अजून बंद आहे. पाणी निवळलं की अर्धी राहिलेली पूजा पुरी करीन, असा कलावतीचा नवस आहे. मुलगी शाळेत जायला लागली, तरी दर वर्षी त्या पूजेच्या दिवशी कलावती मला दोरीला बांधून विहिरीत सोडते, वर काढते आणि टोकाचा वास घेते.

"हाय गं अजून," म्हणते, "पन गेल्या साली व्हता तेवडा न्हाय."

मग द्रोण, वात जपून परत ठेवते. बायांनो, तुमच्या पाण्याला दर्प आला तर शेजारणीच्या घरात डोकावण्याआधी एखादी काठी जमिनीच्या पोटात सोडून बघा. मी वाट बघतेय, एखाद्या वर्षी मला नुसत्या पाण्याचा वास येईल म्हणून.