एकसष्टाव्या पानावरची गळपट्टी

मित्रांनो, माझ्या एकसष्टाव्या पानावर एक शिपाई उभा आहे. पांढरा कोट, काळे बूट, खांद्याला बंदूक, आणि गळपट्टीला व मनगटाला फिकट निळे कापड. हा निळा रंग खोटा आहे. तो खोटा कसा झाला आणि त्याने दोन माणसांचे काय केले, एवढेच मला सांगायचे आहे.

मी एक जुना चित्रग्रंथ आहे. नेपोलियनच्या काळातल्या सैन्यांचे गणवेश माझ्यात आहेत. एका पानावर एक पलटण, अशी नव्वद पाने. माझा जन्म एका लांबट खोलीत झाला. यंत्रावर फक्त काळ्या रेघा छापल्या जात. रंग भरायला लांब टेबलाशी बारा बायका बसत. प्रत्येकीकडे एकच रंग असे. एक बाई गळपट्टीला व मनगटांना निळा लावी आणि पान शेजारणीकडे सरकवी. शेजारीण त्यावर पातळ पिवळा फिरवी आणि निळ्याचा गर्द हिरवा होई.

"हात उचल गं," निळी बाई म्हणायची. "माझी पाने साठली."

"साठू दे. माझा पिवळा पडला नाही तर तुझे शिपाई थंडीने गारठल्यासारखे दिसतील."

सगळ्या हसायच्या. मीही तेव्हा नवा होतो, मला ती थट्टाच वाटली.

पुढे मी पुष्कळ घरे पाहिली. एका सैनिकी अधिकाऱ्याच्या कपाटात राहिलो, मग त्याच्या नातवाच्या माळ्यावर. तिथून एका जुन्या पुस्तकांच्या दुकानात आलो. दुकानदार माणूस वाईट नव्हता. त्याने मला धुऊन पुसून काढावे तसे साफ केले आणि गिऱ्हाइकाची नजर पडावी म्हणून दर्शनी काचेत उघडे ठेवले. एकसष्टावे पान त्याला सगळ्यांत सुबक वाटले. तेच पान त्याने वर ठेवले आणि तो विसरून गेला.

त्या काचेवर सकाळपासून ऊन येई. मी पूर्ण उन्हाळा तसाच पडून होतो. ऊन मारत नाही, भाजत नाही. ते नुसते बसून राहते आणि खाते. पहिल्या महिन्यात माझ्या शिपायाच्या गळ्याचा पिवळा विरळ झाला. तिसऱ्या महिन्यात तो उरलाच नाही. खालचा निळा तेवढा राहिला, तोही फिकट. मला कळत होते. पण मला पान उलटता येत नव्हते.

त्याच शरदात एक म्हातारा शिंपी आत आला आणि मला घेऊन गेला.

त्याला सगळे मास्तर म्हणत. चाळीस वर्षे त्याने कोट शिवले होते. आता दुकान बंद होते, पण घराच्या पुढच्या खोलीत शिलाईचे मोठे टेबल तसेच होते. त्या टेबलावर अंगठ्याएवढे शिशाचे शिपाई रांगेने उभे असत. मास्तर ते रंगवी आणि त्याचा मित्र घड्याळजीही रंगवी. घड्याळजी समोरच्याच गल्लीत राहायचा. दोघे मिळून जुन्या लढाया टेबलावर मांडत. कोटात भरायच्या जुन्या कापसाच्या टेकड्या, हिरव्या अस्तराची शेते, आरशाच्या तुकड्यांची नदी. कोणाची पलटण किती पावले पुढे जाणार, हे फासे टाकून ठरे.

एका मोठ्या लढाईची तयारी ते अकरा वर्षे करत होते. दोन्ही बाजूंचे सातशेवर शिपाई तयार होते. एकच पलटण राहिली होती, माझ्या एकसष्टाव्या पानावरची. अठ्ठेचाळीस शिपाई. चोवीस मास्तरने रंगवायचे, चोवीस घड्याळजीने. मास्तरच्या डोळ्यांना काचबिंदू होता. नजर कडेकडेने आत येत चालली होती आणि डॉक्टरने दोन वर्षे दिली होती. एवढी लढाई डोळ्यांनी बघायची, मग डोळे गेले तरी चालेल, असे तो मुलीला म्हणे.

त्या दोघांचा एक नियम होता. दोन साक्षी जुळल्याशिवाय ब्रश ओला करायचा नाही. एका पुस्तकात बटणे पितळी असली तरी दुसऱ्या कुठेतरी ती पितळी सापडली पाहिजेत. हे शोधायचे काम घड्याळजीचे. तो चार वाचनालये पालथी घाली आणि कागदावर उतरवून आणी. मास्तरची शाळा दुसरीत सुटली होती. लिहिणे-वाचणे तो पन्नाशीत शिकला, बोट ठेवून वाची. म्हणून आजवर सांगणारा घड्याळजी आणि ऐकणारा मास्तर. मी आलो आणि पहिल्यांदा मास्तरच्या हातात स्वतःची साक्ष आली.

मला त्याने मांडीवर घेतले तो दिवस मी विसरलेलो नाही. स्वच्छ रुमालाने हात पुसल्याशिवाय तो मला शिवत नसे. कण्याला ताण पडू नये म्हणून मला अर्धाच उघडी, हाताच्या ओंजळीत धरून. इतके कोणी मला जपले नव्हते. आणि त्याच माणसाला मी फसवणार होतो.

या वेळी नियम मोडून, दुसऱ्या साक्षीची वाट न बघता, त्याने आपले चोवीस शिपाई निळ्या गळपट्टीचे केले. महिन्याने घड्याळजी आपले चोवीस घेऊन आला. त्यांच्या गळपट्ट्या हिरव्या होत्या.

मास्तरने त्यातला एक उचलून डोळ्यांजवळ नेला.

"हे काय रे?" मास्तर म्हणाला. "कोणाची लग्नाची वरात आणलीस?"

"मी वाचलंय ते केलंय. पांढरा कोट, हिरवी गळपट्टी, हिरवे कफ. हा बघ कागद."

"कागद तुझ्या हातचा आहे. हे पुस्तक बघ. निळी आहे की नाही?"

घड्याळजीने भिंग डोळ्याला लावले. बराच वेळ माझ्यावर वाकून होता. त्याचा श्वास माझ्या पानावर येत होता. मी मनातल्या मनात ओरडत होतो, मित्रांनो. पण पुस्तकाचे ओरडणे कोणाला ऐकू येते?

"दिसतेय निळी," तो म्हणाला. "पण मला पटत नाही. रंगवणारीचा हिरवा संपला असेल त्या दिवशी."

"संपला असेल! तुझ्या वाचनालयातल्या बाबाची शाई संपली नसेल कशावरून?"

"शिंप्याच्या नजरेनं बघू नकोस रे. उरलेल्या कापडात भागवायची सवय तुझी."

"आणि तुझी सवय? चौकातल्या घड्याळाला तू हात लावलास तेव्हापासून सगळा बाजार दहा मिनिटं उशिरा जेवतोय."

इथवर थट्टाच होती. तीस वर्षांत असे शंभर वाद झाले असतील. चहा झाला की एकजण हरायचा. पण त्या दिवशी मास्तर अडून बसला. त्याला रंगाचे पडले नव्हते. आयुष्यात पहिल्यांदा त्याच्याकडे दाखवायला पुस्तक होते.

"तीस वर्षं तू वाचून सांगितलंस, मी मान हलवली," तो म्हणाला. "एकदा तरी माझं ऐक की."

"ऐकलं असतं," घड्याळजी म्हणाला. तोही दमला होता, म्हातारा होता. "पण चित्रं नुसती बघता आली म्हणजे वाचता आलं असं होत नाही, मास्तर."

शब्द तोंडातून गेला आणि घड्याळजीला कळले की नको होता. त्याचा हात पुढे झालाही. पण मास्तरने मला मिटले. हळूच मिटले, माझा कणा सांभाळून. मग तो म्हणाला, "तुझे चोवीस घेऊन जा."

घड्याळजीने एकेक शिपाई खोक्यात ठेवला. कोणी कोणाला थांबवले नाही.

त्यानंतर दोन वर्षे गेली. मास्तर टेबलापाशी बसे, सातशे शिपायांवरची धूळ मऊ ब्रशाने झाडी आणि मला उघडून एकसष्टावे पान बघे. जणू मी पुन्हा एकदा सांगावे की तूच खरा. मी दर वेळी तेच खोटे सांगत होतो. खिडकीबाहेरून घड्याळजी रोज जाई. खिडकीपाशी त्याची पावले जरा हळू होत. मास्तर मान वर करत नसे. पाऊल पुढे गेले की मात्र तो कान देऊन बसे.

मुलगी म्हणायची, "बाबा, एका गळपट्टीसाठी?"

"गळपट्टीसाठी नाही गं," एवढेच तो म्हणे.

मग एक दिवस ती पावले आली नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाहीत. त्यानंतर कधीच नाहीत.

घड्याळजीला जाऊन तीन आठवडे झाले तेव्हा दुपारी त्याची बायको आली. तिच्या हातात खोके होते.

"बसा वहिनी," मास्तर म्हणाला.

"तुम्ही आला नाहीत."

"फाटकापर्यंत आलो होतो. पुढे पाय उचलला नाही."

 वहिनींनी खोके टेबलावर ठेवले. "शेवटच्या महिन्यात हेच करत बसले होते. हात इतका थरथरायचा की एका शिपायाला दोन-दोन दिवस जायचे. मी म्हटलं, पुरे आता. तर म्हणे, हे मास्तरकडे नेऊन दे आणि सांग, लढाई लाव म्हणावं."

खोक्यात चोवीस शिपाई होते. चोवीसही गळपट्ट्या निळ्या होत्या. हिरव्यावर निळ्याचा नवा हात दिला होता. कुठे रंग कोटावर ओघळला होता, कुठे हनुवटीला लागला होता. सोबत चिठ्ठी होती. मास्तरने बोट ठेवून ती वाचली. "पुस्तक तुझे खरे. मी हरलो. आता खेळू."

वहिनी गेल्यावर मास्तरने अठ्ठेचाळीस शिपाई एका रांगेत लावले. पलटण पुरी झाली. त्याला उरलेल्या नजरेत एका वेळी पाच-सहाच दिसत होते, म्हणून तो मान फिरवत फिरवत रांग बघत गेला. मग त्याला माझे पान त्यांच्या शेजारी ठेवावेसे वाटले. आजवर ज्याने मला ओंजळीत धरले, त्याने त्या दिवशी मला टेबलावर सपाट पसरले आणि दोन्ही तळव्यांनी दाबले. माझा कणा मोडला. टाके सुटले. एकसष्टावे पान सुटून बाहेर आले.

ज्याने मला बांधले त्याने घाईत शिवण जरा खोल घेतली होती. त्या शिपायाचा डावा हात मनगटापासून शिवणीत गेला होता. शंभर वर्षे त्या हाताला उजेड लागला नव्हता. आता तो उघडा पडला. त्याच्या मनगटावर कापड होते, आणि ते गर्द हिरवे होते.

मास्तरला भिंगसुद्धा घ्यावे लागले नाही. चाळीस वर्षे त्याने लोकांचे विटलेले कोट उसवले होते. शिवण उसवली की कापडाचा खरा रंग आत सापडतो, हे त्याला झोपेतही ठाऊक होते. शेकडो गिऱ्हाइकांना त्याने ते दाखवले होते. पण पुस्तकही शिवलेलेच असते, हे त्याच्या मनात कधी आले नाही. दोन वर्षांत एकदा शिवणीत डोकावला असता तर घड्याळजी जिवंत असतानाच त्याला खरे कळले असते.

 मग त्याने घड्याळजीचा एक शिपाई उचलला आणि सुईच्या टोकाने गळपट्टीवरचा निळा खरवडू लागला. खालचा हिरवा परत मिळावा, मित्राने पहिल्यांदा दिलेला, बरोबर असलेला, एवढेच त्याला हवे होते. क्षणभर हिरव्याचा एक ठिपका दिसलाही. पण निळ्याबरोबर तोही सुटून आला आणि खालचे करडे शिसे उघडे पडले. दुसऱ्या शिपायाचे तसेच झाले. तिसऱ्याला त्याने हात लावला नाही.

संध्याकाळी मुलगी आली तेव्हा तो पेन्सिल घेऊन माझ्या सुट्या पानावर वाकला होता. अक्षरे एकमेकांवर चढत होती. त्याने लिहिले, "गळपट्टी हिरवी. घड्याळजीचे बरोबर होते." खाली सही केली, दुकानात मापांच्या वहीत करायचा तशी.

ती लढाई लागलीच नाही. समोर खेळायला कोणी नव्हते आणि त्या हिवाळ्यात उरलेली नजरही गेली. मुलीने सातशे शिपाई कापसात गुंडाळून ठेवले. माझे पान कोणी पुन्हा शिवले नाही. ते नुसते माझ्यात खोचलेले आहे. अधूनमधून मास्तर मला मागून घेतो, पान चाचपून काढतो आणि मुलीपुढे धरतो.

"काय लिहिलंय?"

"बाबा, तुम्हीच लिहिलंय. गळपट्टी हिरवी. घड्याळजीचे बरोबर होते."

"जरा मोठ्यानं वाच," तो म्हणतो, आणि खिडकीकडे तोंड करतो.

मित्रांनो, पुस्तके उन्हात उघडी टाकू नका. काचेत मांडलीत तर रोज पान उलटा. आमचे रंग नाजूक असतात आणि एकदा गेले की परत येत नाहीत. माझ्यासारख्या जुन्या पुस्तकावर विश्वास ठेवाल तर आधी त्याची शिवण तपासा. आणि तुमचा माणूस दुसराच रंग सांगत असेल, तर त्याला उठून जाऊ देऊ नका. बसवून ठेवा, आणि दोघे मिळून पुन्हा बघा. मी त्यांना सांगू शकलो नाही, मला तोंड नव्हते. त्या दोघांना तोंड होते आणि मध्ये फक्त एक गल्ली होती.