राहुकाळातली महाधमनी

मित्रांनो, मी एक जुनी महाधमनी आहे. मला कधी कुणी पाहू नये, अशीच माझी इच्छा होती. कारण मी दिसले, म्हणजे काहीतरी विपरीत घडलेले असते.

माझे मालक कृष्णाजी मूळचे निपाणीकडचे. बेंगळुरूच्या पीण्या या कारखान्यांच्या भागात त्यांचे लेथचे छोटे वर्कशॉप आहे. मी त्यांच्या हृदयातून निघते, छातीत कमानीसारखी वळते, पाठीच्या कण्याला धरून पोटात उतरते आणि बेंबीजवळ दोन पायांसाठी दुभंगते. अख्ख्या शरीरात माझ्याएवढी मोठी रक्तवाहिनी नाही. प्रत्येक ठोक्याला मी फुगायचे, लगेच आवळायचे आणि रक्त पुढे ढकलायचे. तरुणपणी हे काम मी हसत केले.

मग विड्या आल्या, रक्तदाब आला. "डोकं दुखायचं थांबलं की. आता गोळी कशाला?" म्हणत कृष्णाजींनी गोळ्या बंद केल्या. माझी भिंत कडक झाली आणि पोटात एके जागी पातळ होऊन फुगू लागली. मला फार भीती वाटे. मशीनचा पाइप फुगलेला दिसला की ते तत्काळ मशीन बंद करत; माझा फुगवटा मात्र त्यांना दिसत नव्हता.

शहाण्णव साली एका मंगळवारी दुपारी मी चिरले. रक्त झिरपू लागले. कृष्णाजी पाठ धरून खाटेवर कोसळले. त्यांच्या पत्नी शालनताईंनी रिक्षा दारात आणली, तर हे म्हणतात, "राहुकाळ लागलाय. सरू दे, मग निघू."

मी गर्भगळीत झाले. तेवढा वेळ मी टिकणार नव्हते.

"बनशंकरी देवीची पूजा राहुकाळातच करतात न्हवं?" शालनताई कडाडल्या. "तिचं नाव घ्या नि उठा!"

"बन्नी अण्णा, बेगा," चला दादा, लवकर, असे कानडीत म्हणत रिक्षावाल्याने त्यांना आधार देऊन उठवले.

डॉक्टरांनी पोट उघडले, तेव्हा मी पहिल्यांदा उजेड पाहिला. त्यांनी मला चिमट्यांनी आवळले आणि फाटल्या जागी कापडाची विणलेली नळी शिवली. भीतीने थरथरायलाही माझ्यात धडधड उरली नव्हती.

कृष्णाजी वाचले. आता गोळी नेमाने घेतात; विड्याही सुटल्या होत्या. पण काल त्यांच्या शर्टाच्या खिशात काडेपेटी वाजली. देवापुढे निरांजन लावायला असेल, अशी मी मनाची समजूत घातली. मग पहिला झुरका आत आला.

मित्रांनो, तुमच्या घरी कुणी असे असेल, तर आजच त्यांना सांगा. मला ओरडता येत नाही. मला फक्त फुटता येते.