गामेलीभावजींचं भाषण

लेखिका यावा आग्बेकोबाई वारून वर्ष झालं म्हणून केटा गावातल्या शाळेच्या पटांगणात सभा भरली होती. मांडवावर बाईंचा फोटो होता. त्याच्या दुप्पट मोठा फोटो सभा भरवणाऱ्या समितीचे अध्यक्ष गामेली यांचा. अक्पेनेने तो पाहिला आणि नाक मुरडलं. मेलंय कोण, हे परगावच्या पाहुण्याला कळायचं कसं?

अक्पेने सरोवरकाठी मासळीला धुरी देऊन विकायची. ती एकतीस वर्षांची असताना नवरा समुद्रात बुडाला. चाळीस दिवस होतात न होतात तोच दीर गामेली लग्नाची मागणी म्हणून दारूची बाटली आणि कापडाचा तागा पाठवून मोकळे झाले. भावाची होडी, जाळी आणि बायको, सगळं एकदमच घरात घ्यायचं होतं त्यांना. त्याच आठवड्यात भट्टीपाशी बसून तिने यावाबाईंची कादंबरी वाचून संपवली होती. बाटली आणि तागा आल्या पावली परत गेले. तेव्हा गामेली गावभर सांगत सुटले होते, "त्या लिहिणाऱ्या सटवीने आमच्या बाया बिघडवल्या!"

आणि आज तेच गामेली छातीवर रेशमी फीत लावून बोलत होते, "यावाबाई म्हणजे आपल्या रूढींचा आधार. बाईने घरच्या वडीलधाऱ्यांच्या शब्दाबाहेर जाऊ नये, हेच त्यांनी आपल्याला शिकवलं."

पुढच्या रांगेतल्या कोटवाल्यांनी टाळ्या वाजवल्या. एकानेही बाईंचं पान उलटलं नसणार. टाळ्या मात्र पाठ केल्यासारख्या.

अक्पेने उठून उभी राहिली. "भावजी, हे कुठल्या पुस्तकात आहे?"

"वहिनी, कार्यक्रम चालू आहे."

"म्हणून तर विचारतेय. संपल्यावर तुम्ही सापडणार थोडेच!"

मागे मासळीवाल्या फिदीफिदी हसल्या.

"सगळ्याच पुस्तकांत आहे," गामेली म्हणाले.

"एकाचं नाव सांगा."

गामेलींनी घाम पुसला आणि बँडवाल्यांना हात केला. बँड दणक्यात सुरू झाला. अक्पेने बसली नाही. कमरेवर हात ठेवून ती वाजवणाऱ्यांकडे बघत राहिली. त्यांचे गाल किती वेळ फुगणार? दोन गाण्यांनंतर बँड आपोआप गप्प झाला.

मग तिने पिशवीतून पुस्तक काढलं. पानं धुराने पिवळी पडली होती. ती मोठ्याने वाचू लागली, "दीर दारात आला तेव्हा ती म्हणाली, मी तुमच्या भावाची बायको होते..."

पुढचं वाक्य तिला वाचावंच लागलं नाही. मागच्या बाकांवरच्या बायका, म्हाताऱ्या, लेकुरवाळ्या, एका सुरात म्हणाल्या, "त्याच्या सामानातली वस्तू नव्हते!"

अक्पेनेने वळून मागे पाहिलं. ह्या सगळ्याजणींनी, आपापल्या घरात, एकेकटीने वाचलं होतं तर! तिला इतकी वर्षं वाटायचं, बाईंनी ते आपल्या एकटीसाठी लिहिलं.

गामेलींनी क्षणभर इकडेतिकडे पाहिलं आणि जणू हे आपणच ठरवलं होतं अशा थाटात टाळ्या वाजवायला सुरुवात केली. "वा, वहिनी! छान. आता जेवणं..."

"बसा, भावजी," अक्पेने पान उलटत म्हणाली. "प्रकरण मोठं आहे."

बायकांनी बाक सरकवले आणि पटांगणाचं फाटक अडवूनच बसल्या. तिने शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं. कोटवाले घड्याळं बघत राहिले, जेवणाचे मासे निवत राहिले, आणि गामेलींना आयुष्यात पहिल्यांदाच यावाबाईंचं काहीतरी ऐकावं लागलं.