टोकापासून चौऱ्याण्णव

तिसरी जोडी पायात होती आणि मेतोद डोळे मिटून उतरत होता.

"मेतोद! अरे, झाड! झाड आलं!" खालून ग्रेगोर ओरडला.

"ठाऊक आहे!" डोळे न उघडताच मेतोद म्हणाला, आणि लार्चचं ते झाड हातभर अंतरावरून मागे गेलं.

ग्रेगोर हा खोऱ्यातल्या बचाव पथकाचा प्रमुख. बर्फाखाली गाडली गेलेली माणसं उकरून काढण्यात त्याची वीस वर्षं गेली होती, पण हा एकसष्ट वर्षांचा गडी डोळे मिटून डोंगर उतरायला लागला की तो अजून खालून ओरडत सुटायचा. मेतोदचं म्हणणं साधं होतं. डोळे उघडे असले की माणूस डोंगर बघत बसतो, स्कीकडे त्याचं लक्षच राहत नाही. मिटले की सगळं तळपायातून वर येतं. ताजा बर्फ कुठे संपला, खालचा जुना कडक थर कुठे लागला, स्की कुठे खूश झाली आणि कुठे कुरकुरली. मग त्याला वेळेचंही भान राहत नसे. धुकं, सगळीकडे पांढरंच पांढरं, स्वतःचा श्वास, आणि त्यात पंचवीस वर्षांपूर्वीची एखादी सकाळ हलकेच येऊन आजच्या सकाळीत मिसळून जायची. यातली कुठली कोणती, हे त्याला सांगता आलं नसतं. कुणी विचारतही नसे म्हणा.

तो खाली येऊन थांबला आणि त्याने डोळे उघडले.

"काय म्हणते तीन नंबर?" ग्रेगोरने विचारलं.

"चढताना सोनं आहे रे. पायात काही आहे असं वाटतच नाही. पण उतरताना उशिरा ऐकते. वळ म्हटलं की आधी विचार करते. नाक इकडेतिकडे हुंगत राहतं, शेपूट ओढते."

"म्हणजे गेली म्हणायची."

"गेलीच. जखमी माणसाची घसरगाडी मागे बांधून उतरताना विचार करत बसणारी स्की काय कामाची?"

ग्रेगोरने मान हलवली. लिपनिक गावात मेतोदने मान हलवली की बाकीच्यांनी हलवायची, असा सव्वीस वर्षांचा शिरस्ता होता.

खरं तर मेतोदच्या नावावर काही म्हणजे काही नव्हतं. एक शर्यत जिंकलेली नाही, एखादं शिखर सगळ्यात आधी गाठलेलं नाही. गावच्या टोकाला त्याचं स्की-दुरुस्तीचं दुकान. पोलादी कडांना धार लावायची, तळाचे ओरखडे भरायचे, बूट अडकवायचे खटके बसवायचे. पण दर फेब्रुवारीत गिर्यारोहण मंडळाकडे आसपासच्या लहान लहान कारागिरांकडून कार्बनच्या हलक्या स्की यायच्या. कुणी गॅरेजमध्ये बनवलेल्या, कुणी गोठ्यात. मोठ्या कंपन्यांच्या मालावर लिहायला मासिकं आहेत. या बिचाऱ्यांना कोण विचारतो? मेतोद विचारायचा. सगळ्या जोड्या बेला पेच डोंगराच्या उतारावर नेऊन, तोलून मापून, पहिली-दुसरी-तिसरी लावून तो एक कागद लिहायचा, आणि तो मंडळाच्या सूचनांच्या काचेच्या फळ्यात लागायचा. तीन खोऱ्यांतली माणसं तो वाचून खरेदीला जायची. तेवढीच काय ती मेतोदची कमाई. यंदा तर बचाव पथकालाच अठरा जोड्या घ्यायच्या होत्या, आणि मेतोद पहिली म्हणेल ती आपली, असं ग्रेगोरने सरळ सांगून टाकलं होतं.

नाव बघून मत द्यायचं नाही, हा मेतोदचा नेम. म्हणून स्की घरी आल्या की तो स्वयंपाकघरात जाऊन कुट्टूच्या पिठाची उकड खात बसायचा आणि बायको, रोझालिया, दुकानात एकेका जोडीवरच्या नावावर काळी चिकटपट्टी लावायची. कारागिराची चिठ्ठीसुद्धा ती त्याला दाखवत नसे, कारण अक्षर ओळखण्यात मेतोद पक्का. खटके कुठे बसवायचे तेवढं माप ती आपल्या हाताने दुसऱ्या कागदावर उतरवून द्यायची. स्कीवर खुणेची रेघ नसायचीच. रंगाच्या रेघेचंही वजन होतं म्हणे! मग मेतोद टेप लावायचा, खूण करायचा, गिरमिटाने भोकं पाडून खटके बसवायचा.

त्या दुपारी तिन्ही जोड्यांच्या चिकटपट्ट्या निघाल्या. पहिली आली ती सीमेपलीकडच्या दोघा ऑस्ट्रियन भावांची. दुसरी एका इटालियन इंजिनियरची. तिसरीवरची पट्टी निघाली, खाली नेझाचं नाव दिसलं आणि मेतोदने ते पुन्हा एकदा वाचलं.

नेझा शेजारच्या खोऱ्यातली. चौदा वर्षं फॅक्टरीत स्की दाबायच्या यंत्रावर काढल्यावर चार हिवाळ्यांपूर्वी नोकरी सोडून तिने चीज करायच्या एका पडक्या खोपटात स्वतःचं यंत्र थाटलं होतं. कानामागून आली अन् तिखट झाली, असं म्हणणारेही होते. यंदा पथकाचं काम मिळालं नाही तर यंत्र विकून पुन्हा फॅक्टरीत जाणार, हे तिने स्वतः रोझालियाला चर्चच्या दारात सांगितलं होतं. मेतोदला ते माहीत होतं. तरीही त्याने कागदावर 'तिसरी' लिहिलं, खाली सही केली आणि कागद फळ्यात लावून आला.

दोन दिवसांनी नेझा आपली जोडी न्यायला आली.

"ये गं. चहा घेतेस? रम घालून?"

"नको मेतोदकाका, घाट उतरायचाय."

तिने स्की बाकावर ठेवली, उलटी केली आणि सवयीने तिच्या पोटावरून तळहात फिरवला. हात खटक्यांच्या जागेपाशी येऊन थांबला. तिने खिशातून टेप काढली, एक टोक स्कीच्या नाकाशी अंगठ्याने दाबलं आणि नाकाच्या वळणासकट सगळ्या पोटाला चिकटवत चिकटवत मागे आणलं. आकडा पाहिला. टेप गुंडाळून खिशात घातली.

"काय गं?"

"काही नाही."

"काही नाही काय? मापलंस ना?"

"सवय हो." ती हसली, पण ते हसू काही खरं नव्हतं. "तुम्ही मागे बसवलेत. तुम्हाला तिथे बरं वाटलं असेल."

"मागे? चौऱ्याण्णववर आहेत की!" मेतोदला राग आला. त्याने स्की सुलटी केली, भिंतीवरची आपली टेप घेतली, नाकापासून सरळ, ताठ ओढली. "हे घे. टोकापासून चौऱ्याण्णव. केसभर इकडेतिकडे नाही."

"हो," नेझा म्हणाली. "चौऱ्याण्णवच आहेत."

मेतोदने टेप तशीच धरून ठेवली होती. तो तिच्याकडे बघायचा थांबला आणि टेपकडे बघू लागला. स्कीचं नाक वर वळलेलं. टेप मात्र नाकापासून खटक्यापर्यंत हवेतून सरळ गेलेली. दोघांच्यामध्ये फट होती. त्या फटीत त्याचं बोट सहज जात होतं.

"रोझालिया!" तो ओरडला. "नेझाची चिठ्ठी! तिच्या हातची, मूळ चिठ्ठी!"

रोझालियाने ती शोधून आणली. कोपऱ्यावर चहाचा डाग पडलेला. नेझाने लिहिलं होतं: 'टोकापासून ९४, पोटाला धरून.'

"अगंबाई," रोझालिया खुर्चीवर बसलीच. "ते दोन शब्द मी उतरवलेच नाहीत. आकडा तेवढा कामाचा, असं वाटलं मला."

"बाकीच्यांनी शेपटीकडून माप दिलंय," मेतोद पुटपुटला. "शेपूट सपाट. टेप कशीही धरा, तेच येतं. तू टोकाकडून का दिलंस गं?"

"शेपूट मी सगळ्यात शेवटी कापते ना. वजन जुळेपर्यंत. साच्यात कायम काय राहतं, तर नाक. म्हणून मी नाकापासून धरते."

मेतोदने पुन्हा मापलं, पोटाला धरून. खटक्यांपर्यंत शहाण्णवला पाव कमी. पावणेदोन सेंटिमीटर! एवढ्या हलक्या स्कीवर माणूस पावणेदोन सेंटिमीटर मागे उभा राहिला तर तिचं नाक हुंगणारच, ती शेपूट ओढणारच, उशिरा ऐकणारच. दुसरं काय करील बिचारी?

"तू परवाच का बोलली नाहीस? कागद वाचलास, तेव्हाच भांडायला यायचं!"

"तुमच्याशी?" नेझाचे डोळे भरून आले. "फॅक्टरीत आम्ही सगळ्याजणी तुमचा कागद वाचायचो काका. तुम्ही चुकाल असं मनातच आलं नाही. मला वाटलं, माझ्याच हातात काहीतरी कमी आहे. दोन दिवस जेवण गेलं नाही मला."

"जोडी इथेच राहू दे," मेतोद म्हणाला.

ती गेल्यावर त्याने जुनी भोकं गोंद आणि लाकडाच्या खुंट्यांनी बुजवली, नवी मापून पाडली आणि दुसऱ्या दिवशी उजाडताच एकटा बेला पेच चढू लागला. स्कीच्या पोटाला चढाईच्या लोकरी पट्ट्या, धुकं इतकं दाट की स्वतःच्या स्कीचं नाकही दिसेना. पट्ट्या बर्फावर श्श, श्श करत होत्या. चढता चढता त्याला डुलकी लागावी तसं झालं. कधी वाटे, वडील पुढे चालताहेत. कधी वाटे, आपणच पुढे आहोत आणि मागून येणारा विशीतला मेतोद आपल्या खुणांवर पाय टाकतोय. डोंगर चढतोय की उतरतोय हेही मधून मधून कळेनासं झालं. वर पोचला तेव्हा धुकं पायाखाली होतं आणि ऊन पडलं होतं.

त्याने पट्ट्या काढल्या, डोळे मिटले आणि स्वतःला सोडून दिलं.

काय सांगावं? त्याने वळ म्हणायच्या आधी स्की वळली होती. धुक्यात शिरताना गालांना गार लागलं, तेवढंच. खाली बर्फ आहे, आपल्याला वजन आहे, गुडघे एकसष्ट वर्षांचे आहेत, सगळं विसरायला झालं. सव्वीस वर्षांत पायाला अशी जोडी लागली नव्हती. खाली येऊन तो लार्चला टेकला आणि रडला. आनंद झाला होता आणि लाजही वाटत होती.

तसाच तो बचाव पथकाच्या शेडवर गेला. ग्रेगोर दोरखंड गुंडाळत होता. मेतोदने सगळं सांगितलं. रोझालियाच्या चिठ्ठीचा भाग तेवढा वगळला.

ग्रेगोरने दोरखंडाचा आणखी एक वेढा घातला. "बरं झालं, त्या ऑस्ट्रियन भावांना अजून कळवलं नव्हतं," तो म्हणाला.

"मी दुसरा कागद लावतो फळ्यात."

"कशाला? मला सांगितलंस, झालं. चारचौघांत थुंकलेलं गिळायची काय हौस आहे?"

"पहिला चारचौघांतच लावला होता."

"तुझी मर्जी." ग्रेगोर थोडा घुटमळला. "एक सांगू? राग मानू नकोस. शनिवारी आमचीच माणसं तिन्ही जोड्या वर नेतील. डोळे उघडे ठेवून."

"न्या की. न्यायलाच हव्यात."

"आणि पुढच्या वर्षीपासूनही... आमचं आम्हीच बघावं म्हणतोय."

मेतोदने मान हलवली. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा दुसऱ्याच्या बोलण्यावर त्याने मान हलवली होती आणि ती त्याला भलतीच जड वाटली.

घरी रोझालिया हटून बसली. "माझं नाव घाल त्यात. चिठ्ठी मी उतरवली."

"टोकाकडून माप आलं, तेव्हाच मी विचारायला हवं होतं, टेप कशी धरायची म्हणून. गिरमिट कुणाच्या हातात होतं?"

"तुझ्या."

"मग झालं तर."

शनिवारी पथकाची सहा माणसं वर जाऊन आली. रविवारी सकाळी ग्रेगोरने नेझाला फोन करून अठरा जोड्यांचं सांगितलं. ती फोनवर नुसती रडत होती म्हणे.

त्याच सकाळी मेतोदने आपला कागद लावला. जुना काढला नाही, त्याच्याशेजारीच लावला. 'तिसऱ्या जोडीचं माप मी चुकीचं घेतलं. दोष माझा आहे, स्कीचा नाही. ती पहिली आहे. मेतोद.' टाचणी जरा तिरकी बसली होती, ती सरळ करत तो फळ्यापाशीच उभा राहिला.

मागे कुणीतरी थांबलं. खांद्यावर स्की घेतलेली, बाहेरगावची एक बाई होती.

"आजोबा, जरा सरकता का? वाचायचंय."

मेतोद बाजूला झाला. बाईने दोन्ही कागद वाचले. दुसरा तिने दोनदा वाचला.

"हे मेतोद कोण हो?"

"आहे इथलाच एक," तो म्हणाला. "स्की दुरुस्त करतो."