लागेल तेव्हा

मयूरी बरी झाली नाही तर दीपेशचा फायदा काय, हे आधीच मांडून ठेवलेलं बरं. शनिवार-रविवारी चिखल्याच्या त्याच्या चिकूच्या वाडीत मुंबईचे पाहुणे उतरत. त्यांना ताजी मच्छी, तांदळाच्या भाकऱ्या आणि 'घरच्या बाईच्या हातचं' जेवण हवं असे. बरी झालेली मयूरी तळासरीच्या आश्रमशाळेत नववीला गणित शिकवायला परत जाणार. मग स्वयंपाकाला बाई ठेवावी लागणार, आणि बाई पगार मागते. आजारी मयूरी मात्र चुलीपाशीच राहणार. तिने आजारी असून गप्प राहावं, एवढीच काय ती अडचण.

थंडीत एकदा फळ्यापुढे उभी असताना तिची छाती अशी धडधडली की आपण आता मरतो असं तिला वाटलं. मग बसमध्ये झालं, मग घरी भाकरी थापताना. पिठाचे हात तसेच घेऊन ती विहिरीपाशी जाऊन बसली आणि ओसरीवर पाहुणे ताटं वाजवत राहिले. सासूबाई, म्हणजे चंपाबाई, ह्याला 'घाबरं होणं' म्हणत. घाबरायला काही कारण लागतं, असं त्यांचं मत होतं. खायला-प्यायला आहे, नवरा पीत नाही, मग घाबरायचं कशाला?

शाळेने रजा दिली, पण नोकरी कंत्राटी. जूनमध्ये शाळा उघडेल त्या दिवशी हजर व्हा, नाहीतर जागा दुसऱ्याला जाईल, असं मुख्याध्यापिकाबाईंनी सांगितलं होतं. डहाणूच्या डॉक्टरांनी दोन गोळ्या दिल्या. एक रोजची. ती हळू चालते, पहिले काही दिवस मळमळेल, महिनाभराने फरक कळेल, सोडायची नाही, असं त्यांनी मयूरीला दोनदा बजावलं. दुसरी छोटीशी, तीही अर्धीच. फार घाबरं झालं तरच घ्यायची. तिच्यापुढे त्यांनी लिहिलं : लागेल तेव्हा.

आता बाजारात उभं राहिलेल्या माणसाला ह्यातली कुठली गोळी आवडेल? रोजच्या गोळीने मयूरीला मळमळू लागलं, चंपाबाईंना आठवडाभर नातवाची आशा लागली, आणि ती फोल ठरल्यावर गोळीवर राग निघाला. पंधरा दिवस खाल्ली, गुण शून्य. छोटी मात्र चहा निवायच्या आत काम करते. रोजची बंद झाली. मळमळीने कंटाळलेल्या मयूरीनेही फार वाद घातला नाही. छोटी तिने दोन-चारदा घेतली, पण दिवसभर गुंगी राहते म्हणून तीही सोडली.

तरीही गुंगी काही गेली नाही. रोज थोडी असायचीच, आणि शनिवार उजाडला की तर डोक्यात कोणीतरी ओलं पोतं भरल्यासारखं होई. पीठ मळताना ती स्वतःची परीक्षा घ्यायची, सतराचा पाढा म्हणायची, आणि सतरा सक्कंपाशी अडकायची. ज्या बाईने पोरांना उलटे पाढे म्हणायला लावले, ती परातीकडे बघत बसायची. आजार आता डोक्यात शिरला, नोकरी गेली, असं तिने मनाशी धरलं. धडधड मात्र होत नव्हती. दीपेश पाहुण्यांना सांगायचा, आमची मिसेस एकदम शांत स्वभावाची. पाहुणे चिकूचा रस चिकटलेली बोटं चाटत मान डोलवायचे.

गोळ्या संपत आल्या की दीपेश चारोटीला जायचा. नाक्यावरचा मेडिकलवाला नवीन चिठ्ठी मागायचा नाही. त्याची सासुरवाडीची मंडळी फुकटात वाडीवर राहून गेली होती. दोघांनाही हा व्यवहार अगदी स्वच्छ वाटायचा.

मे संपता संपता ठाण्याच्या निलमताई मैत्रिणींबरोबर आल्या. रविवारी सकाळी त्या कप घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहिल्या. रात्री झोप येईना, स्वतःची गोळी घरी राहिलेली. दीपेशभाऊंनी लगेच एक आणून दिली, असं कौतुकाने सांगू लागल्या. इतकी काळजी हॉटेलात कोण घेतं?

"आणि वहिनी, तुमचं बरं आहे हं," त्या म्हणाल्या. "भाऊ सांगत होते, तुम्हाला चहातूनच देतात. कडू लागू नये म्हणून आई साखर जास्त घालतात. मला मेलीला कोण देतंय असा चहा?"

मयूरीच्या हातातही चहाच होता. तिने तो मोरीत ओतला. कपाच्या तळाशी साखरेबरोबर पांढरट गाळ होता. त्यावर माशी येऊन बसली, ती बराच वेळ उठली नाही.

पाहुणे जेवायला बसल्यावर तिने मायलेकांना मागच्या पडवीत बोलावलं. दीपेश ओशाळला नाही. डॉक्टरांच्या अक्षरातच लिहिलंय, असं म्हणाला.

"लागेल तेव्हा, असं लिहिलंय," मयूरी म्हणाली. "मला लागतच नव्हती."

चंपाबाई पानाला चुना लावत होत्या. त्यांनी वरही पाहिलं नाही.

"अगं, घराला लागत होती," त्या म्हणाल्या.

आतून कोणीतरी आणखी भाकरी मागितली, आणि दीपेश हसतमुखाने "आणतो, आणतो" करत गेला.

दुसऱ्या दिवशी ती एकटी रिक्षाने डहाणूला गेली. आजपासून ती गोळी बंद, असं तिने डॉक्टरांना ठणकावून सांगितलं. त्यांनी तिलाच थांबवलं. इतके दिवस चोरून पोटात गेलेली गोळी एका दिवसात तोडली तर शरीर खवळतं, फिटही येऊ शकते. ती थोडी थोडी कमी करत सोडायची, आणि रोजची पहिल्यापासून सुरू. म्हणजे ज्या गोळीची तिला किळस आली होती, तीच आता तिला स्वतःच्या हाताने मोडून खायची होती. जूनपर्यंत जमेल का, तिने विचारलं. प्रयत्न करा, ते म्हणाले.

तिने केला. शाळा उघडली त्या दिवशी दोन गाड्या बदलून तळासरीला गेली, फळ्यापुढे उभी राहिली आणि खडू हातात धरला. हात इतका थरथरत होता की बेरजेचं चिन्हही धड उमटेना. पहिल्या बाकावरची प्रगती उठून म्हणाली, "बाई, मी लिहू?" मुख्याध्यापिकाबाई दारात उभ्या होत्या. त्यांनी आवाज न चढवता मयूरीला खुर्ची दिली, आणि संध्याकाळी कंत्राट संपल्याचं सांगून घरी पाठवलं. जागेवर दुसऱ्याला घ्यायचं ठरलं, पण दुसरा मिळेना.

पावसाळ्याच्या शेवटी हात थांबला. सतरा सक्कं परत आलं. स्वतःचा चहा ती स्वतः करते आणि पिऊन होईपर्यंत कप हातातून सोडत नाही. पाहुण्यांसाठी चूल तिने पुन्हा पेटवली नाही.

तेव्हा किंमत कोणी कोणी दिली, ती अशी. निलमताईंनी खोलीचं भाडं दिलं आणि वर इंटरनेटवर वाडीला पाच चांदण्याही दिल्या. दीपेशला अखेर गावातल्या रूपीला स्वयंपाकाला ठेवून पगार द्यावा लागतोय, आणि आपण लुटले गेलो असं तो येईल त्याला सांगतो. चंपाबाईंनी काही दिलं नाही. मयूरीने नोकरी दिली. आणि बाकीची सगळी रक्कम भरली ती तळासरीच्या नववीने : पहिल्या सत्रभर त्यांच्या वेळापत्रकात गणिताच्या तासाला 'मोकळा तास' असं लिहिलेलं होतं.