एकोडीचं पाणी

गाडीत माणसं सहा होती आणि पाण्याच्या बाटल्या पाच. लाकडी फळ्यांचे पलंग चार, दोन खाली आणि दोन वर. पंपाचा स्टोव्ह एक, रॉकेलचा डबा एक, पाण्याचं पिंप एक. घडीच्या खुर्च्या तीन. टपावर दोरीने आवळलेल्या सायकली दोन. एक दुर्बीण. माझा एक थर्मामीटर आणि एक मोजपट्टी. सहाव्या माणसाची कापडी पिशवी एक. तिच्यात दोन झबली, एक टोपडं, जुन्या लुगड्याची छोटी वाकळ, चांदीचे वाळे आणि डिंकाच्या लाडवांचा पितळी डबा.

सहावं माणूस म्हणजे रंभामावशी. मी मोजलं तेव्हा ती गाडीच्या पायरीवर बसून तांदूळ निवडत होती. "इश्वर, लाडू मोजू नको," ती म्हणाली, "दीठ लागते."

गाडी ताराचंदमामाची. चिखल्याच्या खाणीतून तुमसरला मँगनीज वाहणाऱ्या त्याच्या ट्रकांपैकी सगळ्यात जुना ट्रक. कुठल्यातरी विलायती कॅलेंडरवर मामाने घरासारखी गाडी पाहिली होती. डोंगर, समोर गाडी, गाडीच्या दारात खुर्ची टाकून बसलेला गोरा माणूस. मामाने ट्रकचा हौदा उतरवला, सुताराकडून खिडक्यांची पेटी बसवून घेतली आणि १९७९च्या उन्हाळ्यात आम्ही गायखुरीच्या डोंगरांतून नागझिऱ्याच्या बाजूला निघालो. मामा, पुष्पामामी, त्यांचा मुलगा भोजराज, ड्रायव्हर भैय्यालाल, मी आणि मावशी. मी नुकताच बी.एस्सी. झालो होतो. जिथे गाडी जात नाही तिथल्या पायवाटा मी सायकलने मोजायच्या, म्हणजे पुढच्या वर्षी मामाला नागपूरचे पाहुणे आणता येतील, असं ठरलं होतं. मोजायची रीत सोपी होती. मागच्या चाकाच्या एका आऱ्याला लाल चिंधी बांधली होती. चाकाचा घेर दोन मीटर वीस सेंटिमीटर. चिंधी किती वेळा वर आली ते मोजायचं आणि गुणायचं. मामा मला सायंटिस म्हणायचा.

मावशी मामाची धाकटी बहीण, विधवा, त्याच्याच घरी राहणारी. ती सहलीला आली ती एकाच गोष्टीसाठी. तिची मुलगी गोदावरी एकोडीला दिलेली. लग्नानंतर बरीच वर्षं मूल नव्हतं. आणि लेकीला मूल होईपर्यंत आईने तिच्या घरचं पाणी प्यायचं नाही, हे आमच्याकडे कुणी शिकवावं लागत नाही. मावशी एकोडीला जायची ती साकोलीहून बसने, सोबत फिरकीच्या तांब्यात स्वतःचं पाणी घेऊन, आणि संध्याकाळच्या बसने परत यायची. या फाल्गुनात गोदीला मुलगा झाला. आता मावशीला त्या घरात बसून पाणी मागता येणार होतं.

"आपण त्याच अंगानं जाऊन राहिलो," मामाने तिला सांगितलं होतं. "स्वयंपाकाले चाल. तुले एकोडीत उतरवून देतो."

एकोडीचा जावई जागेश्वर पूर्वी मामाचाच ट्रक चालवायचा. खाणीची धूळ नको म्हणून तो चाकरी सोडून घरच्या धानशेतीला गेला. मामा हे विसरला नव्हता. त्या घराचा उंबरा चढणार नाही, असं त्याने चिखल्यात चारचौघांत सांगितलं होतं. ते मावशीलाही माहीत होतं. तिला वाटलं, दादा गाडीतून उतरणार नाही, एवढंच.

डोंगरांत रस्ता फॉरेस्टचा, कच्चा. सकाळी भोजराज आणि मी सायकलींवर पुढे निघायचो, चढ आला की उतरून ढकलायचो. दोन टेकड्यांमधल्या खोऱ्यात मोह गळून संपला होता आणि टेंभराची नवी पानं लाल दिसत होती. मागून गाडी घरघरत यायची. थांबली की मावशी आधी उतरायची, स्टोव्ह लावायची, आमच्या बाटल्या भरायची. रात्री चार पलंगांवर आम्ही चौघं, भैय्यालाल केबिनमध्ये आणि मावशी खाली, पिंपाजवळ.

"दादा, एकोडी केव्हा येईन?"

"येईन ना. एकोडी काय पळून जाऊन राहिली का?"

"नाई, लेकरू लहान हाय. बारसं तं मी पायलं नाई."

"मंग आता त्याचं लगनच पाय," भोजराज म्हणाला आणि मामा खोकला येईपर्यंत हसला.

हे रोजचं झालं. एका मुक्कामाला मामाने तिला एक वारूळ दाखवून, एकोडीचं देऊळ दिसलं बघ, म्हणून सांगितलं. ती उठून उभी राहिली, कपाळावर हात धरून पाहत राहिली. मग तीही हसली. गाडीत सगळे हसत असले की तिलाही हसावं लागे.

शेवटी गाडी डोंगराच्या एका खांद्यावर थांबली. खाली दक्षिणेला सपाट मुलूख पसरला होता. कापलेल्या धानाच्या बांध्यांचे चौकोन, त्यांच्यामध्ये मातीचे उंच धुरे, दूर एका तयाची, म्हणजे तलावाची, पाळ आणि पाळीवर काही घरं.

"उद्या सकाळी," मामा तिला म्हणाला. "उद्या तुले मोकळी करतो."

सकाळी मावशीने सगळ्यांना चहा दिला. स्वतः घेतला नाही. "आत्तापासून काही नाई," ती मामीला म्हणाली, "आता पयलं पाणी गोदीच्या हातचं." मी ते ऐकलं. मामीने मान डोलावली आणि कप पुढे केला, त्यात साखर कमी पडली होती. मग मी डोंगराच्या मागच्या अंगाची वाट मोजायला सायकल घेऊन उतरलो. मावशीला मामा गाडीने नेणार, असाच माझा समज होता.

परत आलो तेव्हा ऊन चढलं होतं. गाडीच्या सावलीत टांगलेल्या थर्मामीटरमध्ये पारा त्रेचाळीसवर होता. तीन खुर्च्या कड्याच्या तोंडाशी मांडलेल्या होत्या. मधल्या खुर्चीत मामा दुर्बीण लावून बसला होता.

"ये सायंटिस, पाय गंमत," भोजराज म्हणाला. "आत्या गेली एकोडीले."

"गाडी तर इथंच आहे."

"पायी गेली. ते तयाच्या पाळीवरचं गाव दिसते ना? बाबा म्हणाले, तेच एकोडी."

मी पाहिलं. ती पंधरा-सोळा घरांची नुसती टोली होती. एकोडी तिच्याही पलीकडे, झाडांच्या काळ्या रेघेमागे असणार.

"मामा, ती एकोडी नाही."

"मले मालूम हाय," मामा म्हणाला. दुर्बीण त्याने डोळ्यांवरून काढली नाही. "तिले नाई मालूम. आजवर बसनं गेली ना, मागच्या अंगानं गाव कसं दिसते तिले काय ठाऊक. मले इचारते, दादा, शाळा काहून नाई दिसत? म्हटलं, शाळेची पाठ दिसून राहिली. तशीच निघाली, पिशवी डोक्यावर घेऊन." त्याने मांडीवर थाप मारली. "आता घराघरात इचारत असन, माही गोदी कोठी हाय?"

भैय्यालाल गाडीखाली पडून काही आवळत होता. तो बाहेर आला नाही.

"सकाळपासून पाणी नाही प्यायली ती," मी म्हणालो.

"काहून?"

"आता पयलं पाणी लेकीच्या घरी पिणार हाय म्हणे," मामी म्हणाली. ती आंब्याची साल काढत होती.

मामाने दुर्बीण खाली घेतली. क्षणभर त्याने मामीकडे पाहिलं. मग म्हणाला, "मंग तं लवकरच येईन वापस."

मी बाटली भरून घेतली आणि सायकल उतारावर घातली. वाट दगडांची होती, निम्मी वाट सायकल खांद्यावर न्यावी लागली. टोलीत पोचलो तेव्हा विहिरीवर तीन-चार बाया होत्या, त्यांना मावशीचं विचारलं.

"आली होती ना बाप्पा," त्यातली वयस्क बाई म्हणाली. तिचं नाव धुरपता. "अख्ख्या टोलीत गोदावरी इचारून राहिली. आमी म्हटलं, बाई, एकोडी अजून दोन मैल हाय पुढे. तं तिथंच बसली, त्या बोरीखाली. थोडी हसली. म्हणे, दादाची चूक झाली, लांबून समजलं नसन त्याले."

"पाणी प्यायली?"

"बादली समोर ठेवली तिच्या. हात लावून नाई पायला. मी म्हटलं, वापस जाय माय, पहाड जवळ हाय तुले. तं म्हणे, तिकडून लेकरू दिसत नाई. पायावर ओतून घेतलं फक्त. चपलेत कढत होते पाय."

मी धुऱ्यांवरून सायकल हाणली. बांध्यांत धानाची कापलेली खुंटं, जमीन भेगाळलेली, झाड कुठे नाही. दोन ठिकाणी धुळीत तिच्या चपलांचे ठसे दिसले. आधी एका रेषेत, मग धुऱ्याच्या या कडेला आणि त्या कडेला.

एकोडीच्या घरांची कवेलू दिसू लागली तिथे ती होती. धुऱ्यावरून बांधीत घसरली होती आणि पिशवी छातीशी धरून कुशीवर पडली होती. अंग विस्तवासारखं तापलेलं आणि कोरडं होतं, घामाचा थेंब नव्हता. याचा अर्थ मला ठाऊक होता. मी माझ्या बाटलीतलं अर्धं पाणी तिच्या डोक्यावर आणि मानेवर ओतलं. तिने डोळे उघडले.

"आलं का?"

"आलं. ते बघ, घरं दिसतात."

"ते तयाचं तं नाई ना?"

"नाही मावशी. एकोडीच आहे."

मी बाटली तिच्या ओठांना लावली. तिने दात मिटले. पाणी हनुवटीवरून मातीत गेलं.

"थोडं घे. घोटभर."

"गोदीच्या घरचं," ती म्हणाली. मी जबडा धरून पुन्हा प्रयत्न केला. तिने मान वळवली. तेवढं बळ तिच्यात होतं.

उरलेलं पाणी मी तिच्या छातीवर ओतलं, सायकल उभी करून तिची सावली तोंडावर पाडली, आणि रिकामी बाटली घेऊन पळालो.

गोदावरी ओसरीत मुलाला मांडीवर घेऊन बसली होती. मला पाहून हसली. "इश्वरदादा? बोडखाच उन्हात?"

"पाणी दे. तुझ्या घरातलं. मावशी बांधीत पडली आहे."

तिने मूल खाटेवर ठेवलं, माठातून बाटली भरली आणि माझ्या हातात न देता स्वतःच धावत सुटली. मागून जागेश्वर खाट घेऊन शेजारच्यांना हाका मारत निघाला.

गोदीने आईचं डोकं मांडीवर घेतलं. "माय, मी हाव. पाणी आणलं." तिने बोटाने ओठ उघडले आणि थोडं ओतलं. या वेळी दात मिटले नाहीत. पाणी तोंडात गेलं आणि तिथेच भरून राहिलं. मी मनगट धरलं, मग मानेवर बोटं ठेवली. मग जागेश्वरकडे पाहून मान हलवली. गोदी पाणी ओततच होती.

मामाची गाडी फेरा मारून रस्त्याने एकोडीला आली तेव्हा ऊन कलत होतं. मावशीला अंगणात निजवलं होतं. वाळे मुलाच्या पायांत होते, कुणीतरी घातले होते. मामा उंबऱ्याशी आला नाही, अंगणाच्या कडेला उभा राहिला. गावातली माणसं जमली होती, त्यांच्याकडे पाहून तो मोठ्याने रडला. मग डोळे पुसून म्हणाला, "तिलेच घाई झाली होती. मी म्हटलं, थांब, गाडीनं नेतो. ऐकते का? पायीच निघून गेली."

मामीने पदर तोंडाला लावला होता. भोजराज खाली पाहत होता. भैय्यालाल केबिनमध्येच बसून राहिला.

"पण पोचली बिचारी," मामा म्हणाला. "लेकीच्या दारातच गेली म्हना. इच्छा पुरी झाली तिची."

जागेश्वर त्याच्याकडे पाहत राहिला. "दारात नाई," तो म्हणाला.

"आता दोन पावलं इकडे का तिकडे. दारातच म्हनावं लागते."

एका म्हाताऱ्याने मान डोलावली. मी अंगणातून निघालो आणि बांधीत गेलो. तिथे माती अजून थोडी काळी होती. सायकल उचलून चाक त्या जागेवर ठेवलं, लाल चिंधी वर आणली आणि मोजत, सायकल ढकलत, गोदीच्या उंबऱ्यापर्यंत आलो. चिंधी एकशे त्र्याहत्तर वेळा वर आली.

तीनशे ऐंशी मीटर साठ सेंटिमीटर.